टॅबसाठी ई-पुस्तक काढताना: फाइल कोणती, किंमत किती, दुकान कुठलं

प्रश्न असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या प्रकाशकाकडे दोन मराठी पुस्तकं आहेत. एक १७६ पानांचा कथासंग्रह, छापील किंमत ₹२५०. दुसरं हलशी, देगाव आणि आसपासच्या देवळांचं रंगीत पुस्तक, त्यात ४० फोटो. वाचक आता टॅबवर वाचतात, ॲमेझॉनचं किंडल हे वाचनयंत्र मोजक्यांकडेच आहे. तेव्हा ई-पुस्तक पानं जशीच्या तशी ठेवणाऱ्या पीडीएफमध्ये काढायचं की पडद्याप्रमाणे ओळी पाडणाऱ्या ईपबमध्ये? किंमत छापील पुस्तकाच्या निम्मी ठेवायची का? आणि एकट्या किंडलच्या दुकानात दिलं तर भागेल का?

आधी निकाल सांगतो. मूळ फाइल युनिकोडमधली (कुठल्याही यंत्रावर अक्षर तेच राहतं अशी लेखनपद्धत) स्वच्छ ईपब ठेवा आणि बाकी सगळं तिच्यातून काढा. कथासंग्रह ₹१२० ते ₹१५० मध्ये बसवा. रंगीत पुस्तकाला तो हिशोब लावू नका, तिथे किंमत फाइलच्या वजनावर ठरते. आणि किंडलला एकहाती हक्क द्यायचेच असतील तर कथासंग्रहाचे द्या, तेही मुदत बघून. रंगीत पुस्तकाचे देऊ नका.

आता कारणं. टॅबने काय बदललं हे कळल्याशिवाय किंमत अंदाजानेच लावली जाते, म्हणून थोडं मागून सुरू करावं लागेल.

किंडल २००७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ३९९ डॉलरला आलं. एका यंत्रात एकच दुकान, असा तो मामला होता. तिथे ॲमेझॉनने गाजणाऱ्या नव्या पुस्तकांची किंमत ९.९९ डॉलर ठेवली. प्रकाशकाला घाऊक भाव याहून जास्त द्यावा लागत असला तरी तोटा सोसून विकलं, कारण ग्राहक एकदा त्या यंत्रात आला की पुढची पुस्तकं तिथूनच घेणार. २०१० च्या एप्रिलमध्ये आयपॅड बाजारात आला. वाचन हे त्याचं एक काम, सिनेमा, मेल, खेळ ही बाकीची. ॲपलला पुस्तकं स्वस्त विकून यंत्र खपवायची गरज नव्हती. त्यांनी प्रकाशकांना सांगितलं की किंमत तुम्ही ठरवा, आम्ही ३० टक्के घेतो, मात्र दुसरीकडे स्वस्त दिसलं तर आमच्याकडेही तोच भाव लागला पाहिजे. नव्या पुस्तकांचे भाव १२.९९ ते १४.९९ डॉलरवर गेले. गंमत अशी की १२.९९ मधून ॲपलचे ३.९० वजा जाता प्रकाशकाला ९.०९ डॉलर उरत, म्हणजे जुन्या घाऊक भावापेक्षा बऱ्याचदा कमीच. तरी पाच मोठे प्रकाशक त्याला राजी झाले, कारण ९.९९ हाच पुस्तकाचा भाव असं वाचकाच्या डोक्यात बसायला नको होतं. संगनमताने भाव वाढवल्याच्या आरोपावरून प्रकरण कोर्टात गेलं. २०१३ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी ॲपलविरुद्ध निकाल दिला, २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला आणि ॲपलला ४५ कोटी डॉलरची तडजोड भरावी लागली. किंमत प्रकाशकाने ठरवायची आणि दुकानाने टक्का घ्यायचा ही पद्धत मात्र टिकली. आज तुम्ही दुकानाच्या डॅशबोर्डवर स्वतः किंमत टाकता ती याच पद्धतीत.

या साऱ्यातून छोट्या प्रकाशकाने एक गोष्ट उचलावी. टॅबवर यंत्राची पकड सुटते. एकाच पडद्यावर किंडल, गूगल प्ले बुक्स, बुकगंगा आणि प्रतिलिपी शेजारी-शेजारी बसतात. वाचकाला एका दुकानातून दुसऱ्यात जायला बोट सरकवायचं तेवढंच काम. पण पैसे भरायची वाट टॅबच्या कंपनीच्या हातात असते, आणि ती कोगनोळीच्या टोलनाक्यासारखी आहे: गाडी कुणाचीही असो, नाका ओलांडायचा तर पैसे मोजा. ॲपलने २०११ मध्ये ॲपमधल्या विक्रीवर ३० टक्क्यांचा नियम लावला तेव्हा किंडलने आयपॅडच्या ॲपमधलं दुकानाचं बटणच काढून टाकलं. २०२२ मध्ये गूगलच्या बिलिंगच्या नियमांमुळे अँड्रॉइड ॲपमधूनही विक्री काढली. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाच्या आदेशानंतर आयपॅडच्या ॲपमध्ये खरेदीची वाट पुन्हा उघडली ती अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी. आपल्याकडच्या वाचकाला किंडलचं पुस्तक घ्यायचं तर ब्राउझर उघडून ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर जावं लागतं. अँड्रॉइड टॅबवर गूगल प्ले बुक्समध्ये ही अडचण नाही, कारण तिथला नाका त्यांचाच. ॲपल बुक्सचा विचार सोडून द्या. भारतात तिथे फुकटची पुस्तकं मिळतात, विकतची नाहीत.

म्हणजे टॅबवाल्या वाचकासाठी किंडलवर एक पायरी जास्त आहे. पन्नाशीच्या पुढच्या वाचकाला ॲपमध्ये पुस्तक दिसतं, पण ‘विकत घ्या’ कुठे दिसत नाही, मग तो सोडून देतो. जाहिरातीत ‘किंडलवर उपलब्ध’ एवढंच छापून थांबणारे प्रकाशक इथेच गिऱ्हाईक गमावतात. ‘ॲपमध्ये नको, क्रोममध्ये ॲमेझॉन उघडा, पुस्तक घ्या, मग ते आपोआप ॲपमध्ये येईल’ हे तीन टप्पे छापायला जागा फार लागत नाही.

पीडीएफ की ईपब

हा प्रश्न मोजपट्टीने सुटतो. मराठी पुस्तकं बहुतेक डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांत असतात. १०.१ इंची, १६:१० प्रमाणाच्या टॅबचा पडदा साधारण ५.३५ बाय ८.५६ इंच भरतो. म्हणजे डेमीचं पान त्यावर जवळपास जशास तसं बसतं: १३ पॉइंटचा मजकूर १२.६ पॉइंटचा दिसतो, आरामात वाचता येतो. ८ इंची टॅबवर पडद्याची रुंदी ४.२४ इंच, तिथे तोच मजकूर १० पॉइंटवर येतो. तरुण डोळ्यांना चालतो, चाळिशीनंतर चष्मा लागतो. ६.५ इंची मोबाइलवर रुंदी २.७ इंचांच्या आत. मजकूर ६.३ पॉइंट. म्हणजे प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करून डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायची. दोन पानांत वाचक कंटाळतो.

तेव्हा ‘टॅबसाठी पीडीएफ पुरे’ हे फक्त दहा इंची टॅबपुरतं खरं. शिवाय टॅबवर सुरू केलेलं पुस्तक माणूस एसटी स्टँडवर मोबाइलवरच पुढे वाचतो. कथा, कादंबरी, ललित लेखन, चरित्र यांना ईपबच हवं, अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने पडतात. देवळांच्या रंगीत पुस्तकात फोटो आणि मजकूर एकमेकांना धरून असतील तर पीडीएफही द्या. गूगल प्ले बुक्सवर एकाच पुस्तकाच्या ईपब आणि पीडीएफ दोन्ही फाइल चढवता येतात. वाचक टॅबवर मूळ पानं पाहतो आणि मोबाइलवर वाहता मजकूर वाचतो. ही सोय फार कमी प्रकाशक वापरतात.

किंडलचं वेगळं. तिथे मोबी या जुन्या फॉर्मॅटच्या फाइलचे दिवस संपले. वाहत्या मजकुरासाठी २०२१ पासून आणि स्थिर मांडणीसाठी २०२५ च्या मार्चपासून मोबी घेत नाहीत. ईपब द्या, ते आतल्या आत स्वतःच्या फॉर्मॅटमध्ये बदलून घेतात. तो बदललेला फॉर्मॅट दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये उघडत नाही. म्हणून मूळ ईपब आपल्याकडे जपून ठेवणं महत्त्वाचं. दुकानं बंदही पडतात: मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, जुलैपासून विकत घेतलेली पुस्तकंही उघडेनात, पैसे परत केले. वाचकाला पैसे मिळाले, पण ज्या प्रकाशकाकडे स्वतःची फाइल नसेल त्याने काय करायचं?

श्रीलिपीतून युनिकोडमध्ये येताना

खरी मेहनत इथे आहे. बेळगावातल्या बहुतेक डीटीपी ऑपरेटरांकडे मराठी मजकूर श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत असतो, पानं पेजमेकर किंवा जुन्या कोरलमध्ये लावलेली. या जुन्या फॉन्टांत अक्षर दिसतं मराठी, पण आत साठवलेलं असतं वेगळंच चिन्ह. छपाईला काही फरक पडत नाही. ई-पुस्तकात पडतो.

पारख सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी आली तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा कचरा आला तर ती फाइल दुकानात देऊ नका. त्या फाइलमध्ये शोध चालत नाही, शब्दकोश उघडत नाही, मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय चालत नाही, आणि पुस्तकातला मजकूर शोधयंत्राला दिसत नाही म्हणून पुस्तक सापडतही नाही.

कन्व्हर्टरने मजकूर बदलला की शुद्धलेखन नाही, चिन्हं तपासा. चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली वेलांटी जोडाक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते: ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘अस्तित्व’ हे शब्द शोधून बघा. रफार एक अक्षर मागे-पुढे सरकतो: ‘कार्य’, ‘निर्मिती’, ‘वर्षांनी’. ‘ॲ’ कुठे ‘अ’ वर चंद्र असलेला, कुठे ‘ए’ वर चंद्र असलेला येतो, एका पुस्तकात दोन्ही राहतात. सगळ्यात चिवट चूक ‘ऱ्या’ची. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो: एक स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, दुसरा साध्या ‘र’च्या हलन्तानंतर अदृश्य जोडणी टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं तर एक सापडतो, दुसरा नाही. सबंध फाइलमध्ये शोधा-बदला चालवून एकच प्रकार ठेवा. १७६ पानांच्या पुस्तकाला हे काम नीट करायचं तर एका माणसाचे तीन-चार दिवस धरा. ते वाचवू नका.

ईपब बांधायला फुकटची साधनं पुरतात: लिबरऑफिसमध्ये मथळ्यांना मथळ्याची शैली लावा, ईपबमध्ये निर्यात करा, सिजिलमध्ये उघडून साफ करा, मग ईपबचेकमध्ये तपासा. इनडिझाइन वापरत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना ते आधी बघा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. फाइलमध्ये भाषेची खूण ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) असली पाहिजे. बऱ्याच जणांची सवयीने हिंदीची राहते, मग ज्या फॉन्टात दोन्ही वळणं आहेत तिथे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, आणि वाचकाला काहीतरी परकं वाटतं पण काय ते सांगता येत नाही.

टॅबवर हमखास बिघडणाऱ्या चार गोष्टी आहेत. ओळींमधलं अंतर पिक्सेलमध्ये बांधलं की अक्षर मोठं केल्यावर उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अंतर अक्षराच्या १.५ ते १.६ पट, प्रमाणात द्या. मथळ्यात अक्षरांमध्ये जागा वाढवली तर शिरोरेषा तुटते, तसं करूच नका. अक्षराला पक्का काळा रंग दिला तर रात्रीच्या काळ्या पडद्यावर काही ॲपमध्ये मजकूर नाहीसा होतो. रंगच देऊ नका, ॲप आपला देतं. चौथी गोष्ट दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट. मराठीत शब्द तोडण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये नाही, त्यामुळे टॅब आडवा धरून दोन रकाने पडले की शब्दांमध्ये भगदाडं दिसतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं, हेच बरं.

आपल्या भागातल्या पुस्तकांना आणखी एक तपासणी लागते. देवळांच्या पुस्तकात शिलालेखाचं कन्नड वाचन कन्नड लिपीतच द्यायचं असेल तर तो मजकूरही नुडीच्या जुन्या फॉन्टातून नव्हे, युनिकोडमध्ये घ्या आणि कन्नडचा खुल्या परवान्याचा फॉन्ट फाइलमध्ये जोडा, नोतोचा चालतो. टॅबच्या प्रणालीत कन्नड फॉन्ट असतो म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं आणि प्रकाशक निश्चिंत होतो. दुसऱ्या यंत्रावर तिथे चौकोन येऊ शकतात. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरात हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम आल्या तेव्हा कन्नड त्यांत नव्हती, हे या संदर्भात लक्षात असू द्या. मराठी मजकुराला मुक्त, तिरो देवनागरी मराठी किंवा शोभिका घ्या. श्रीलिपीचा फॉन्ट विकत घेतलेला असला तरी तो ई-पुस्तकात जोडून वाटायचा हक्क परवान्यात आहे का ते वाचल्याशिवाय जोडू नका.

किंमत

छापील किमतीच्या निम्मी, हा हिशोब सोपा म्हणून लोकप्रिय झालाय. छापील पुस्तकात कागद, छपाई, बांधणी आणि विक्रेत्याचं ३५ ते ४० टक्के कमिशन असतं. ई-पुस्तकात त्यांतलं काही नाही, पण फाइलचं वजन आहे आणि दुकानाची अट आहे. दोन्ही पाहू.

किंडलवर प्रकाशकाच्या वाट्याचे दोन दर आहेत, ३५ आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये (केडीपी ही ॲमेझॉनची ई-पुस्तक प्रकाशनाची सेवा, सिलेक्ट ही तिची एकहाती हक्कांची योजना) घालावं लागतं, म्हणजे ९० दिवस डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही द्यायची नाही. शिवाय ई-पुस्तकाची किंमत छापील किमतीपेक्षा किमान २० टक्के कमी हवी. ₹२५० च्या पुस्तकाला वरची मर्यादा ₹२००. आणि ७० टक्क्यांच्या दरात दर एमबीला ₹७ पोचवणावळ आधी कापतात, मग टक्केवारी लावतात.

कथासंग्रह ₹१५०, फाइल १ एमबी, कर बाजूला ठेवून धरू. सिलेक्टमध्ये: १५० वजा ७, त्याचे ७० टक्के, म्हणजे ₹१००.१०. सिलेक्टबाहेर ३५ टक्के, म्हणजे ₹५२.५०. गूगलवर ७० टक्के, ₹१०५. सिलेक्ट सोडलं तर किंडलच्या प्रत्येक प्रतीमागे ₹४७.६० जातात. किंडलवर १०० प्रती खपत असतील तर ते भरून काढायला गूगलवर ४६ प्रती खपल्या पाहिजेत. किंडल अनलिमिटेड या सदस्यत्वाच्या योजनेतून वाचलेल्या पानांचे पैसे सिलेक्टवाल्याला मिळतात ते वेगळेच. नव्या लेखकाच्या कथासंग्रहाला त्या पानांचा आधार मोठा असतो, कारण अनोळखी नावावर ₹१५० घालायला वाचक कचरतो, पण सदस्यत्वात असलेलं उघडून बघतो. म्हणून कथासंग्रह पहिले ९० दिवस सिलेक्टमध्ये ठेवायला हरकत नाही. मुदत आपोआप वाढते, तेव्हा नोंदणीच्या दिवशीच नूतनीकरणाची खूण काढून टाका आणि आकडे बघून मग ठरवा.

आता रंगीत पुस्तक. मोबाइलवर काढलेला फोटो ४ एमबीचा, ४० फोटो म्हणजे १६० एमबी. हे असंच चढवणारे लोक आहेत. दहा इंची टॅबसाठी लांब बाजू १६०० पिक्सेल पुरते. जेपेग ७५ ते ८० दर्जावर काढला की एक फोटो पाव एमबीच्या आसपास येतो, पुस्तक १० एमबी. ₹१९९ किंमत धरली तर ७० टक्क्यांच्या दरात पोचवणावळ ₹७०, उरलेल्या १२९ चे ७० टक्के ₹९०.३०. ३५ टक्क्यांच्या दरात पोचवणावळ नाही, ₹६९.६५. इथवर ठीक. पण फाइल १६ एमबीची झाली की पोचवणावळ ₹११२ आणि हातात ₹६०.९०, म्हणजे ३५ टक्क्यांपेक्षाही कमी, वर हक्क अडकवून बसलो ते निराळं. किमतीला १४ ने भागा. येणाऱ्या आकड्याहून फाइलचे एमबी जास्त असतील तर ७० टक्क्यांचा दर तोट्याचा. वजन तुमच्या फाइलचं नव्हे, त्यांनी रूपांतर केलेल्या फाइलचं मोजतात, ते किमतीच्या पानावरच दिसतं. म्हणून देवळांचं पुस्तक किंडलवर ३५ टक्क्यांनीच ठेवा आणि गूगलवर ईपब-पीडीएफ दोन्ही द्या. काळ्या-पांढऱ्या किंडल यंत्रावर त्या फोटोंचं काय होतं ते बघितलंत तर हा निर्णय आणखी सोपा जाईल.

दोन दुकानांत दोन किमती लावण्याचा मोह टाळा. दुसरीकडे स्वस्त दिसलं तर ॲमेझॉन स्वतःची किंमत खाली आणू शकतं, आणि ७० टक्क्यांच्या दरात तुमचा वाटा त्या उतरलेल्या किमतीवर मोजतात. गूगलवर चार दिवसांची सवलत टाकून विसरलेल्या प्रकाशकाला हे पुढच्या महिन्याच्या हिशोबात कळतं.

आणि टॅबवर तुमची स्पर्धा फक्त दुसऱ्या पुस्तकाशी नाही. त्याच पडद्यावर यूट्यूब आहे, मालिका आहेत, स्टोरीटेलवर मराठी ऐकायला मिळतं, प्रतिलिपीवर कथा फुकट वाचायला मिळतात. मराठी माध्यमाची शालेय पुस्तकं कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडच्या सरकारी संकेतस्थळांवरून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. पीडीएफ म्हणजे फुकट ही समजूत घराघरात अशीच पक्की झाली. त्यामुळे विकतची वस्तू नुसती पीडीएफ दिसली की वाचक घासाघीस करतो; चांगल्या बांधणीच्या ईपबला ₹१५० द्यायला तो तेवढा कुरकुरत नाही. ₹४९-५० ला विकून खप वाढेल ही आशा कथासंग्रहाच्या बाबतीत फारशी खरी ठरत नाही. पन्नास रुपये आणि दीडशे रुपये यांत वाचकाची अडचण रक्कम नसते, पैसे भरायच्या पायऱ्या असतात.

सिलेक्टची अट मोडते कुठे

मुद्दाम कोणी मोडत नाही, नकळत मोडते. संग्रहातल्या दोन कथा आधीच प्रतिलिपीवर असतात. एखादी दिवाळी अंकात आलेली असते आणि त्या अंकाची डिजिटल आवृत्ती विकायला असते. लेखकाने कौतुकाने संपूर्ण पीडीएफ साहित्यप्रेमींच्या ग्रुपवर टाकलेली असते. ॲमेझॉनला हे सापडलं की पुस्तक सिलेक्टमधून काढतात, खात्यावर ताशेरा येतो. नोंदणीआधी लेखकाकडून प्रत्येक कथा कुठे कुठे प्रसिद्ध झाली याची लेखी यादी घ्या. छापील आवृत्तीवर बंधन नाही. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत मजकूर बाहेर देता येतो, एका कथेचं हे प्रमाण आधी मोजा.

सिलेक्टमध्ये नसलेल्या पुस्तकाची थेट विक्री करायची असेल तर यूपीआयने पैसे घेऊन ईपब व्हॉट्सॲपवर पाठवा, पण प्रत्येक प्रतीच्या सुरुवातीच्या पानावर घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे टाका. सिजिलमध्ये एका ओळीचं काम आहे. फाइलला नक्कल रोखणारं कुलूप लावण्यापेक्षा याचा धाक जास्त असतो. कुलपाचा त्रास पैसे देणाऱ्यालाच होतो, आणि स्क्रीनशॉट काढणाऱ्याला ते अडवत नाही.

कराचंही बघून ठेवा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर आहे: छापील आवृत्ती असेल तर २०१८ च्या जुलैपासून ५ टक्के, नसेल तर १८. म्हणून फक्त डिजिटल काढण्याआधी थोड्या प्रती छापून घेणं किमतीच्या दृष्टीनेही फायद्याचं. ई-पुस्तक ही सेवा धरली जाते, आणि बेळगावातून कोल्हापूरच्या वाचकाला विकलेली प्रत आंतरराज्य ठरते. सेवांच्या नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, छोट्या प्रकाशकाला ती क्वचितच लागते, तरी सीएला एकदा विचारून घ्या. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. छापील प्रतीचा क्रमांक ईपबला लावू नका, वेगळा घ्या.

आपल्याकडे विक्रीचा हंगाम हिवाळ्यात असतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी इथल्या साहित्य संमेलनांत ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांची दुकानं लागतात. तिथे छापील प्रतीच्या मागच्या बाजूला आणि टेबलावर क्यूआर कोड ठेवा, मात्र तो थेट एका दुकानाच्या पानाला जोडू नका. स्वतःचं एक साधं पान करा आणि त्यावर गूगल, किंडल आणि बुकगंगा यांचे दुवे द्या. सिलेक्टचे ९० दिवस चालू असतील तोवर किंडलचा एकटाच दुवा ठेवा. पुढे दुकान बदललं तरी छापलेला कोड वाया जात नाही. कोड दोन सेंटीमीटरपेक्षा लहान छापू नका, आणि मंडपातल्या उजेडात दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर वाचून बघा. चकचकीत लॅमिनेशनवर बऱ्याचदा वाचला जात नाही.